लिनक्सच्या फ्लॉपी ड्रायव्हरमधील त्रुटी सीव्हीई-२०१९-१४२८४: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुलै २०१९ मध्ये लिनक्स कर्नलच्या (म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या) फ्लॉपी ड्रायव्हरमधील, म्हणजे फ्लॉपी ड्राइव्ह हाताळणाऱ्या कोडमधील, एक त्रुटी दुरुस्त करण्यात आली आणि तिला सीव्हीई-२०१९-१४२८४ हा क्रमांक मिळाला. सीव्हीई म्हणजे सुरक्षा-त्रुटींची जागतिक यादी. फ्लॉपी म्हटले की बहुतेकांना हसू येते, आणि नेमके त्यामुळेच ही त्रुटी अनेक सर्व्हरवर वर्षानुवर्षे तशीच राहिलेली आढळते. ज्यांच्याकडे लिनक्सची व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एका खऱ्या यंत्रावर सॉफ्टवेअरने चालवलेले आभासी संगणक, सांभाळण्याचे काम आहे, त्यांच्याकडून या विषयावर जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

ही त्रुटी थोडक्यात काय आहे?

लिनक्स कर्नलच्या ५.२.३ पूर्वीच्या आवृत्त्यांमध्ये फ्लॉपी ड्रायव्हर ट्रॅक फॉरमॅट करण्याची तयारी करताना एक भागाकार करतो, आणि त्या भागाकारातील भाजक शून्य होऊ शकतो. साध्या वापरकर्त्याने ड्रायव्हरला एकापाठोपाठ दोन सूचना दिल्या की हे घडते: पहिल्या सूचनेत फ्लॉपीची रचना, म्हणजे एका ट्रॅकवर किती सेक्टर आणि सेक्टर किती मोठा, विशिष्ट प्रकारे चुकीची सांगायची आणि दुसरीत फॉरमॅट करण्यास सांगायचे. कर्नल शून्याने भागण्याचा प्रयत्न करतो आणि तेथेच कोलमडतो. अधिकृत वर्णनात ही ‘डिनायल ऑफ सर्व्हिस’, म्हणजे सेवा बंद पाडणारी, त्रुटी म्हटलेली आहे, आणि कोणीही साधा ‘स्थानिक’ वापरकर्ता ती घडवू शकतो असे त्यात लिहिलेले आहे.

‘स्थानिक’ त्रुटी म्हणजे काय? बाहेरून कोणी इंटरनेटवरून हा हल्ला करू शकतो का?

थेट करू शकत नाही. हल्लेखोराला त्या यंत्रावर आपला प्रोग्राम चालवता आला पाहिजे, म्हणजे त्याच्याकडे तेथील खाते तरी हवे किंवा दुसऱ्या एखाद्या मार्गाने त्याने आत शिरकाव तरी केलेला हवा. ‘डिनायल ऑफ सर्व्हिस’ या शब्दाचा अर्थही येथे मर्यादित आहे. या त्रुटीतून माहिती चोरता येत नाही, रूटचे, म्हणजे यंत्राच्या सर्वाधिकारी खात्याचे, अधिकार मिळत नाहीत. यंत्र बंद पाडता येते, एवढेच.

हे ‘एवढेच’ कोणाच्या दृष्टीने, हा मात्र वेगळा प्रश्न आहे. घरच्या लॅपटॉपवर स्वतःच स्वतःचे यंत्र बंद पाडण्यात काही अर्थ नाही, त्यासाठी पॉवरचे बटण पुरेसे आहे. परंतु ज्या सर्व्हरवर एका महाविद्यालयातील दोनशे विद्यार्थ्यांची खाती आहेत, किंवा एकाच मशीनवर अनेक ग्राहकांच्या वेबसाइट चालतात, तेथे एका खातेदाराने सगळ्यांचे काम थांबवणे ही गंभीर बाब आहे.

माझ्या सर्व्हरला फ्लॉपी ड्राइव्हच नाही. मग या त्रुटीचा माझ्याशी काय संबंध?

सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि या संपूर्ण प्रकरणाची मेख याच प्रश्नात आहे.

खऱ्या यंत्रांतून फ्लॉपी ड्राइव्ह कधीच गेला. अलीकडच्या मदरबोर्डवर त्याची केबल जोडण्याची जागादेखील नसते. पण व्हर्च्युअल मशीन म्हणजे सॉफ्टवेअरने रंगवलेला एक जुना पीसी असतो, आणि जुन्या पीसीला फ्लॉपी ड्राइव्ह असायचाच. ‘क्यूएमू’ या एम्युलेटरच्या, म्हणजे अशी नक्कल उभी करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, नेहमीच्या ‘पीसी’ प्रकारच्या मशीनमध्ये, वेगळे काही सांगितले नाही, तर फ्लॉपी ड्राइव्ह आपोआप तयार होतो. त्रुटीच्या अधिकृत वर्णनातही हा उल्लेख मुद्दाम केलेला आहे. गेस्टमधील, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या आतील, लिनक्स सुरू होताना त्याला फ्लॉपी कंट्रोलर दिसतो, ‘पीएनपी०७००’ हा त्याचा ओळखक्रमांक ड्रायव्हरच्या यादीशी जुळतो आणि ‘फ्लॉपी’ हे मॉड्यूल, म्हणजे कर्नलला लागेल तेव्हा जोडता येणारा हा ड्रायव्हरचा तुकडा, कोणी न मागता मेमरीत येऊन बसते. अशा रीतीने डेटा सेंटरमधल्या, एकाही फिरत्या चकतीशी संबंध नसलेल्या मशीनमध्ये १९९१ सालच्या हार्डवेअरसाठी लिहायला घेतलेला ड्रायव्हर जागा असतो.

त्याची एक खूण अनेकांनी पाहिलेली असते, पण तिच्याकडे लक्ष दिलेले नसते. व्हर्च्युअल मशीनच्या कर्नल लॉगमध्ये अधूनमधून ‘आय/ओ एरर, डेव्ह एफडी०, सेक्टर ०’ अशी ओळ उमटते. डिस्क तपासणारा एखादा प्रोग्राम सगळ्या डिस्क चाळताना फ्लॉपीच्याही दारावर टकटक करतो, आत काही नसल्यामुळे चूक नोंदली जाते आणि नव्याने रुजू झालेला प्रशासक सर्व्हरची हार्ड डिस्क बिघडली की काय म्हणून घाबरतो. मी स्वतः एकदा त्या ओळीपायी एका मशीनचा बॅकअप रात्री अकरा वाजता हाताने घेतला होता. ‘एफडी’ म्हणजे फ्लॉपी डिस्क, हे मला त्या वेळी उमगले असते तर वेळेवर झोपता आले असते.

भाजक शून्य होतो तरी कसा? चुकीची माहिती ड्रायव्हर आधीच नाकारत नाही का?

नाकारतो, आणि तरीही शून्य होतो. त्यासाठी हिशेब जवळून पाहावा लागेल.

नेहमीची १.४४ एमबीची फ्लॉपी घेऊ. तिच्या दोन्ही बाजूंना मिळून ८० गुणिले २, म्हणजे १६० ट्रॅक असतात, प्रत्येक ट्रॅकवर १८ सेक्टर आणि प्रत्येक सेक्टरमध्ये ५१२ बाइट असतात. गुणाकार केला की १४,७४,५६० बाइट होतात. ड्रायव्हर सेक्टरचा आकार थेट बाइटमध्ये ठेवत नाही, तर एका लहान सांकेतिक अंकात ठेवतो: ० म्हणजे १२८ बाइट, १ म्हणजे २५६, २ म्हणजे ५१२, आणि असे दर पायरीला दुप्पट होत ७ म्हणजे १६,३८४ बाइट. वापरकर्ता रचना सांगतो तेव्हा सेक्टरची संख्या मात्र ५१२ बाइटच्या मापात मोजलेली असते. म्हणून ड्रायव्हरला खऱ्या सेक्टरची संख्या काढण्यासाठी एक रूपांतर करावे लागते. दिलेल्या संख्येला ४ ने गुणायचे, म्हणजे १२८ बाइटचे किती तुकडे ते कळते, आणि मग सांकेतिक अंकाइतक्या वेळा निम्मे करायचे. आपल्या फ्लॉपीसाठी १८ गुणिले ४ बरोबर ७२, आणि दोनदा निम्मे केले की परत १८. हिशेब चोख आहे.

आता कोणी असे सांगितले, की ट्रॅकवर ५१२ बाइटचा एकच सेक्टर आहे, पण सेक्टरचा सांकेतिक अंक ७ आहे. १ गुणिले ४ बरोबर ४, आणि ४ ला सात वेळा निम्मे करायचे. पूर्णांकांच्या हिशेबात ४ चे २, २ चे १ आणि १ चे ० होते. पुढे शून्य ते शून्यच. अर्थ लावायचा तर, अर्ध्या किलोबाइटच्या ट्रॅकवर १६ किलोबाइटचे किती सेक्टर मावतील, असे आपण विचारले आहे आणि ‘एकही नाही’ हे उत्तर अगदी बरोबर आहे. दुसरीही एक वाट आहे. सेक्टर ६४ आणि सांकेतिक अंक ० दिला, तर ६४ गुणिले ४ बरोबर २५६ होतात. ही संख्या ज्या खान्यात ठेवायची तो एका बाइटचा आहे, त्यात २५५ पर्यंतच मावते, आणि २५६ तेथे ठेवताच त्याचे शून्य होते.

दुरुस्तीपूर्वीच्या ड्रायव्हरमध्ये तपासणी नव्हती असे नाही. सेक्टरची संख्या शून्य दिली तर ती सूचना परत पाठवली जात होती. पण वरच्या दोन्ही उदाहरणांत वापरकर्त्याने शून्य कोठेच दिलेले नाही: १ आणि ६४ या दोन्ही संख्या दारावरच्या पहारेकऱ्याला निरुपद्रवी दिसतात. शून्य जन्माला येते ते आत गेल्यावर, रूपांतर करताना, आणि तेथे पहारा नव्हता. कोड वाचणाऱ्या कितीतरी लोकांच्या नजरेतून ही गोष्ट निसटली याचे मला आश्चर्य वाटत नाही, कारण वरची तपासणी डोळ्यांसमोर असताना खाली पुन्हा शंका घेण्याचे कोणाला सुचत नाही.

पण फॉरमॅट करताना सेक्टरच्या संख्येने भागण्याची गरजच काय?

ही गरज फ्लॉपीच्या फिरण्यातून आलेली आहे. चकती मिनिटाला ३०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला २०० मिलिसेकंद लागतात. एका बाजूचा ट्रॅक वाचून झाल्यावर ड्रायव्हरला माहिती हलवण्यासाठी थोडा वेळ हवा असतो. कोडमधील टिपणीत तो सुमारे ३० मिलिसेकंद धरलेला आहे. तेवढ्या वेळात चकती साधारण एक षष्ठांश फेरा पुढे सरकलेली असते. पुढच्या ट्रॅकचा पहिला सेक्टर नेमक्या जुन्या जागी ठेवला तर तो निसटून गेलेला असेल आणि पूर्ण फेऱ्याची वाट पाहावी लागेल. म्हणून फॉरमॅट करताना प्रत्येक ट्रॅकचा पहिला सेक्टर थोडा पुढे सरकवून ठेवतात, आणि तो किती सरकवायचा हे काढताना बेरीज एका फेऱ्याच्या पलीकडे गेली तर ट्रॅकवरील सेक्टरच्या संख्येने भागून बाकी घ्यावी लागते. बाकी काढणे हादेखील भागाकारच. वेग वाचवण्यासाठी कोणीतरी फार विचार करून लिहिलेली ही ओळ होती, आणि कर्नल पडतो तो तिच्यावरच.

शून्याने भागल्यावर यंत्राचे नेमके काय होते?

इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरमध्ये पूर्णांकाला शून्याने भागले की प्रोसेसर स्वतःच अपवाद उभा करतो. साध्या प्रोग्राममध्ये हे घडले तर कर्नल तो प्रोग्राम बंद करतो आणि बाकीचे जग चालू राहते. येथे चूक खुद्द कर्नलची असल्यामुळे तिच्यावर कोणी वडीलधारे उरत नाही. कर्नल ‘ऊप्स’ नावाचा अहवाल लॉगमध्ये लिहितो आणि पुढचे दोन मार्ग ‘पॅनिक_ऑन_ऊप्स’ या सेटिंगवर अवलंबून असतात.

ते सेटिंग १ असेल, तर संपूर्ण कर्नल पॅनिक होतो आणि मशीन जागीच थांबते; आपोआप रीबूट होण्याचे सेटिंग वेगळे केलेले नसेल, तर कोणी हाताने उठवेपर्यंत ते तसेच राहते. सेटिंग ० असेल, तर कर्नलचा तो एक कामकरी थ्रेड मरतो आणि वरवर पाहता यंत्र चालू राहते. परंतु फ्लॉपीची सगळी कामे एकामागोमाग एक करणारी जी रांग असते, तिच्यातले चालू काम कधीच पूर्ण होत नाही, आणि त्यामागचे काहीही पुढे सरकत नाही. ज्या प्रोग्रामने फॉरमॅटची सूचना दिली तो अडकतो, नंतर फ्लॉपीला हात लावणारा प्रत्येक प्रोग्राम अडकतो, मॉड्यूल काढून टाकता येत नाही, आणि शेवटी रीबूट करण्यावाचून गत्यंतर नसते.

ड्राइव्हमध्ये फ्लॉपी घातलेली नसेल तरीही हे घडते का?

होय. वर पाहिलेला हिशेब प्रत्यक्ष चकतीपर्यंत पोहोचण्याच्या आधीच होतो. मात्र ड्रायव्हरला ड्राइव्ह दिसला पाहिजे आणि ‘/डेव्ह/एफडी०’ ही फाइल, म्हणजे प्रोग्राम ज्या नावाने फ्लॉपी ड्राइव्हशी बोलतात ती, अस्तित्वात पाहिजे.

हा हल्ला कोणताही वापरकर्ता करू शकतो का?

ज्याला ‘/डेव्ह/एफडी०’ लिहिण्यासाठी उघडता येते तो करू शकतो. रचना बदलण्याची सूचना देण्यासाठी रूट असावे लागत नाही, फाइल लिहिण्याच्या परवानगीने उघडलेली असली की पुरे होते.

ही परवानगी कोणाकडे असते हे वितरणानुसार, म्हणजे डेबियन, उबुंटू अशा लिनक्सच्या तयार संचानुसार, बदलते. डेबियनमध्ये ही फाइल ‘फ्लॉपी’ नावाच्या गटाच्या मालकीची असते, आणि डेबियनचा इन्स्टॉलर जो पहिला साधा वापरकर्ता तयार करतो, त्याला आवाज, सीडी-रॉम इत्यादी गटांबरोबर या गटातही टाकत आलेला आहे. एके काळी त्यात शहाणपण होते, कारण घरच्या संगणकावर फ्लॉपी घालण्यासाठी प्रत्येक वेळी रूटचा पासवर्ड कोण देणार? इतर काही वितरणांत ही फाइल ‘डिस्क’ गटाकडे असते. त्या गटात जो आहे, त्याला सगळ्या डिस्क थेट वाचता-लिहिता येतात, त्यामुळे त्याने फ्लॉपीच्या वाटेने यंत्र पाडण्याची चिंता करणे म्हणजे दरोडेखोराच्या हाती तिजोरीची किल्ली देऊन त्याने काचेचा पेला फोडू नये अशी काळजी करण्यासारखे आहे.

तात्पर्य, ‘कोणीही साधा वापरकर्ता’ हे वर्णन वाचून घाबरण्यापूर्वी आपल्या मशीनवर त्या फाइलची परवानगी आणि गटाचे सदस्य पाहावेत. बहुतेक सर्व्हरवर धोका वर्णनात वाटतो त्याहून कमी निघतो. शून्य मात्र निघत नाही.

आमच्या सगळ्या सेवा कंटेनरमध्ये चालतात. आम्ही सुरक्षित आहोत का?

कंटेनर म्हणजे एकाच कर्नलवर चालणारा, प्रोग्रामसाठी आखलेला वेगळा कप्पा. डॉकर या साधनाचा साधा कंटेनर होस्टची, म्हणजे ज्या यंत्रावर तो चालतो त्याची, डिस्क किंवा फ्लॉपी उपकरणे आत दाखवत नाही आणि उपकरणांवरील नियंत्रणही लावतो, त्यामुळे तेथून ही वाट बंद असते. ‘प्रिव्हिलेज्ड’ प्रकारे चालवलेल्या कंटेनरला मात्र होस्टची सगळी उपकरणे मिळतात. कंटेनर आणि होस्ट यांचा कर्नल एकच असल्यामुळे अशा कंटेनरमधून कर्नल पडला तर त्या होस्टवरचे सगळे कंटेनर एकदम पडतील.

व्हर्च्युअल मशीनमधून होस्टला धोका पोहोचतो का? ‘व्हेनम’ हीच त्रुटी होती ना?

नाही, या दोन वेगळ्या त्रुटी आहेत आणि त्यांची गल्लत वारंवार होते. सीव्हीई-२०१९-१४२८४ गेस्टच्या कर्नलमधील ड्रायव्हरमध्ये आहे, म्हणून पडला तर गेस्ट पडतो. होस्ट आणि शेजारची मशीन चालू राहतात. मे २०१५ मध्ये उघड झालेली ‘व्हेनम’, म्हणजे सीव्हीई-२०१५-३४५६, ही टेबलाच्या दुसऱ्या बाजूची त्रुटी होती. क्यूएमूमध्ये फ्लॉपी कंट्रोलरची जी नक्कल आहे तिच्यात ती २००४ पासून होती, आणि गेस्टमध्ये पुरेसे अधिकार असलेल्याला तिच्या आधारे होस्टवर आपला कोड चालवण्याची शक्यता होती. क्राउडस्ट्राइक या कंपनीतील जेसन गेफ्नर यांनी ती शोधली. फ्लॉपी ड्राइव्ह बंद केला तरी क्यूएमू आणि झेन (व्हर्च्युअल मशीन चालवणारे आणखी एक सॉफ्टवेअर) यांमध्ये दुसऱ्या एका चुकीमुळे तो कोड पोहोचण्याजोगा राहत होता, म्हणून तेव्हा ‘फ्लॉपी काढून टाका’ हा सल्ला पुरेसा नव्हता. आपल्या त्रुटीला तो पुरतो.

सीव्हीई-२०१९-१४२८३ हा क्रमांकही नेहमी सोबत दिसतो. तो कशाचा आहे?

त्याच ड्रायव्हरचा, त्याच वेळच्या दुरुस्तीचा आणि जवळजवळ त्याच कुळीचा. तेथे सेक्टरची आणि बाजूंची संख्या अवाढव्य देता येत होती. त्यांचा गुणाकार पूर्णांकाच्या मर्यादेबाहेर जाऊन उलटत असे आणि ड्रायव्हर राखीव जागेच्या बाहेरची मेमरी वाचू लागत असे. त्या त्रुटीसाठी मात्र ड्राइव्हमध्ये फ्लॉपी घातलेली असावी लागते.

ही त्रुटी कोणाला सापडली?

ती माणसाच्या नजरेला सापडलेली नाही, तर ‘सिझकॉलर’ या साधनाला सापडली. गूगलमध्ये तयार झालेले हे साधन कर्नलला अर्धवट शहाण्या, अर्धवट वेड्या सूचनांचा अखंड मारा करते आणि कोणत्या सूचनेने कोडचा नवा कोपरा उजेडात आला हे पाहत पुढच्या सूचना घडवते. ‘एकच सेक्टर, पण सोळा किलोबाइटचा’ असली रचना कोणत्याही फ्लॉपीची नसते, म्हणून कोणताही माणूस ती देऊन पाहत नाही. यंत्राला तसला संकोच नसतो. दुरुस्ती डेनिस एफ्रेमॉव यांनी लिहिली आणि लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ती जुलै २०१९ मध्ये त्याच ड्रायव्हरच्या आणखी काही दुरुस्त्यांसह स्वीकारली.

दुरुस्तीत नेमके काय केले आहे?

दोन जागी पहारा बसवला आहे. रचना सांगितली जाते तेथेच रूपांतराचा हिशेब आधी करून पाहिला जातो, उत्तर एका बाइटमध्ये बसवल्यावर शून्य येत असेल तर रचना नाकारली जाते. शिवाय फॉरमॅटच्या तयारीत भागाकाराच्या आधी पुन्हा एकदा शून्य तपासले जाते आणि तसे असेल तर तयारी सोडून दिली जाते.

सेक्टरच्या संख्येला आणि आकाराला सरळ वाजवी कमाल मर्यादा घालणे अधिक योग्य ठरले असते, असे दुरुस्तीसोबतच्या टिपणातच मान्य केलेले आहे. तसे केले नाही, कारण मर्यादा घातली की कर्नल आणि प्रोग्राम यांच्यातील ठरलेला करार बदलतो. जगात कोठेतरी कोणी जुन्या यंत्रांच्या विचित्र फ्लॉप्या वाचण्यासाठी अशाच चमत्कारिक रचना वापरत असेल, आणि कर्नलच्या नव्या आवृत्तीने त्याचा चालता प्रोग्राम मोडता कामा नये, हा लिनक्सचा जुना दंडक आहे. मला हा निर्णय पटतो, जरी त्यामुळे दुरुस्ती थोडी ठिगळासारखी दिसते.

आमच्या कर्नलचा क्रमांक ५.२.३ पेक्षा लहान आहे. म्हणजे आम्ही असुरक्षित आहोत का?

केवळ क्रमांकावरून तसे ठरवू नये. वितरणे जुना कर्नल कायम ठेवून त्यात सुरक्षा-दुरुस्त्या मागाहून बसवतात. डेबियन १० चा कर्नल ४.१९ मालिकेतला आहे, तरीही ऑगस्ट २०१९ च्या सुरक्षा-अद्ययावतीत ही दुरुस्ती त्यात आलेली आहे. उबुंटू १८.०४ चा मूळ कर्नल ४.१५ होता, त्यालाही हाच न्याय लागू आहे. सुरक्षा तपासणाऱ्या काही स्कॅनरना ही गोष्ट कळत नाही आणि ते क्रमांक पाहून लाल शेरा मारतात. अशा वेळी आपल्या वितरणाच्या सुरक्षा-यादीत हा सीव्हीई क्रमांक शोधावा आणि तेथे दिलेली पॅकेजची आवृत्ती आपल्याकडच्या आवृत्तीशी ताडून पाहावी.

एक गोष्ट मात्र अवश्य तपासावी. पॅकेज बसवलेले असणे आणि तो कर्नल चालू असणे यांत रीबूटचे अंतर असते. ‘यूनेम -आर’ ही आज्ञा चालू कर्नलचा क्रमांक सांगते. पॅच (दुरुस्ती) बसवून चारशे दिवस रीबूट न केलेली आणि त्या चारशे दिवसांचा अभिमान बाळगणारी मशीन मी पाहिलेली आहेत.

मॉड्यूल चालू आहे का हे कसे पाहावे, आणि ते बंद कसे करावे?

‘एलएसमॉड’च्या यादीत ‘फ्लॉपी’ हे नाव दिसते का ते पाहावे आणि ‘/डेव्ह’ मध्ये ‘एफडी०’ आहे का ते पाहावे. दोन्ही नसतील तर आपले काम संपले.

असतील आणि फ्लॉपी लागत नसेल, तर आधी ‘आरएममॉड’ने मॉड्यूल काढावे आणि मग ‘मॉडप्रोब.डी’ या फोल्डरमधील एखाद्या सेटिंग फाइलमध्ये ‘ब्लॅकलिस्ट फ्लॉपी’ अशी ओळ लिहावी. ही ओळ फक्त आपोआप होणारे लोडिंग थांबवते. रूटने नाव घेऊन बोलावले तर मॉड्यूल येईलच, आणि ते बरोबरही आहे. अनेकांचे चुकते ते यानंतर. बूटच्या सुरुवातीला वापरली जाणारी छोटी फाइलसिस्टम, म्हणजे इनिट-रॅमएफएस, पुन्हा तयार करावी लागते. ती जुनीच राहिली तर पुढच्या रीबूटला फ्लॉपी परत हजर होते आणि आपली ओळ चुकली की काय असे वाटत राहते. डेबियन-उबुंटूमध्ये त्यासाठी ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’ आहे, फेडोरा आणि रेड हॅटच्या कुळात ‘ड्रॅकट’ आहे.

व्हर्च्युअल मशीनची मांडणी आपल्याच हाती असेल, तर तिच्या वर्णनातून फ्लॉपी ड्राइव्हच काढून टाकावा. मात्र त्याआधी एक खात्री करून घ्यावी. विंडोजच्या जुन्या आवृत्त्या बसवताना स्टोरेजचे ड्रायव्हर देण्यासाठी व्हर्च्युअल फ्लॉपी वापरण्याची पद्धत होती, आणि तशी एखादी प्रतिमा जोडून ठेवलेली मशीन अजूनही सापडतात.

यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह वापरला तर?

तो या ड्रायव्हरमधून जातच नाही. यूएसबी ड्राइव्ह कर्नलला पेन ड्राइव्हसारखा दिसतो आणि त्याचे नाव ‘एफडी’ने नव्हे तर ‘एसडी’ने सुरू होते.

हल्ला झाल्यास डेटा जातो का?

डिस्कवर आधीच लिहिलेला डेटा सुरक्षित राहतो. कर्नल पॅनिक झाला तर जे अजून मेमरीतच होते ते जाते. नेहमीच्या सेटिंगमध्ये फाइलमध्ये झालेला बदल डिस्ककडे पाठवण्यापूर्वी कर्नल तो सुमारे ३० सेकंदांपर्यंत मेमरीत धरून ठेवू शकतो. डेटाबेस सहसा आपले व्यवहार लगेच डिस्कवर उतरवून घेतात, त्यामुळे त्यांचे नुकसान कमी होते. साध्या फाइलमध्ये लिहीत सुटणाऱ्या प्रोग्रामचे जास्त होते. ईएक्सटी४ किंवा एक्सएफएस या फाइलसिस्टमचे जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, फाइलसिस्टमची रचना सावरते. न लिहिलेली माहिती मात्र ते परत आणू शकत नाही.

आमचे मशीन अचानक बंद पडले. कारण हेच होते, हे कशावरून ओळखावे?

लॉगमध्ये ‘डिव्हाइड एरर’ असे शब्द आणि जवळच ‘सेटअप_फॉरमॅट_पॅराम्स’ हे फंक्शनचे नाव दिसले, तर ती हीच त्रुटी आहे. पॅनिकच्या क्षणी लॉग डिस्कवर पोहोचला नसेल, तर सीरियल कन्सोलची (लॉग दुसऱ्या यंत्राकडे पाठवणाऱ्या जोडणीची) किंवा केडंपची (कर्नल पडताना मेमरीची प्रत घेणाऱ्या सोयीची) नोंद लागेल. आणि हे फंक्शन चुकून गाठले जात नाही. कोणत्याही वेबसाइटला किंवा डेटाबेसला फ्लॉपी फॉरमॅट करण्याचे कारण नसते, त्यामुळे ही नोंद आढळली तर ‘पॅच बसवला, विषय संपला’ असे न म्हणता त्या वेळी कोण लॉगिन होते आणि त्याने काय चालवले होते याचा शोध घ्यावा.

कोणी वापरत नाही तर हा ड्रायव्हर कर्नलमधून काढून का टाकत नाहीत?

या ड्रायव्हरचे शीर्षक वाचले तर १९९१-९२ चे स्वतः टोरवाल्ड्स यांचे नाव दिसते, त्याखाली १९९३-९४ चे अलेन नाफ यांचे आणि १९९८ चे अ‍ॅलन कॉक्स यांचे. २०१९ मध्ये या दुरुस्त्या स्वीकारतानाच टोरवाल्ड्स यांनी ड्रायव्हरला ‘अनाथ’ घोषित केले, कारण तोवर तो सांभाळणारे यिरी कोसिना यांच्याकडे चालता फ्लॉपी ड्राइव्हच उरलेला नव्हता. काढून मात्र टाकला नाही, कारण व्हर्च्युअल मशीन तो कंट्रोलर अजून दाखवतात आणि कोणीतरी त्यावर विसंबलेले असू शकते. पुढे डेनिस एफ्रेमॉव यांनीच त्याचे पालकत्व घेतले.

अनाथ म्हटल्याने त्रुटी निघायच्या थांबल्या नाहीत. २०२० च्या फेब्रुवारीत कंट्रोलरचा क्रमांक न तपासता वापरल्यामुळे मर्यादेबाहेरची मेमरी वाचली जाते असे आढळले, त्याला सीव्हीई-२०२०-९३८३ हा क्रमांक मिळाला आणि ती दुरुस्ती टोरवाल्ड्स यांनी स्वतः लिहिली. माळ्यावर टाकलेल्या सामानाला वाळवी लागली तर ती माळ्यापुरती राहत नाही, हे त्यांनाही ठाऊक असावे.

आमच्या कारखान्यात एका जुन्या यंत्रासाठी खरी फ्लॉपी रोज लागते. आम्ही ड्रायव्हर बंद करू शकत नाही. काय करावे?

कर्नल अद्ययावत करणे हा पहिला आणि पुरेसा उपाय आहे. दुरुस्तीनंतर फ्लॉपीचे नेहमीचे वाचन, लेखन आणि फॉरमॅट पूर्वीप्रमाणेच चालते. यंत्राच्या पुरवठादाराने कर्नल बदलण्यास मनाई केली असेल, तर ‘फ्लॉपी’ गटात ज्या कामगाराचे किंवा पर्यवेक्षकाचे खाते खरोखर लागते तेवढेच ठेवावे, बाकीची काढावीत आणि त्या संगणकावर बाहेरच्या कोणाला लॉगिन देऊ नये. गटातून काढलेला वापरकर्ता आधीपासून लॉगिन असेल, तर तो बाहेर पडून पुन्हा आत येईपर्यंत त्याचा जुना अधिकार चालू राहतो, म्हणून हा बदल पाळी बदलताना करावा.